शिकारीची रायफल घेताना: काडतुसाची निवड आणि बॅरलच्या झिजेचा हिशेब

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. त्यामुळे अमेरिकेत येऊन पहिल्यांदा शिकारीचा परवाना काढणाऱ्या मराठी माणसाला काडतुसांची माहिती घरातून मिळालेली नसते. दुकानात काउंटरपलीकडचा माणूस एका दमात दहा नावं घेतो. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, शेजारच्या टेबलावरचा जाणता नेमबाज त्यातल्या निम्म्या नावांवर फुली मारतो, कारण काय, तर “ते बॅरल खातं”, म्हणजे बंदुकीची नळी लवकर झिजवतं. नवख्याला दोन्ही ऐकून काहीच ठरवता येत नाही. हा लेख त्या माणसासाठी आहे. मी कोलोरॅडोत राहतो, म्हणून उदाहरणं इथलीच घेतली आहेत: म्यूल डिअर (इथलं हरीण), प्राँगहॉर्न (काळविटासारखं चपळ जनावर) आणि एल्क (सांबरासारखं मोठं हरीण).

माझं मत आधीच सांगतो. पहिलं काडतूस असं निवडा, की ज्याचा तुम्ही मनसोक्त सराव कराल. बॅरल झिजणारच, ती झिजण्यासाठीच असते. पण ती जपायची म्हणून सराव कमी केलात, तर त्याची किंमत एखादं जनावर पोटात गोळी घेऊन दोन दिवस तडफडून मोजतं. शिकार करायची असेल तर ही जबाबदारी टाळता येत नाही.

सगळ्यात आधी: कायदा

एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना हा त्यातला एक अपवाद. मित्राबरोबर रेंजवर जाऊन त्याची रायफल हातात घेणं हेसुद्धा “बाळगणं” ठरू शकतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि प्रत्येक राज्याचे नियम त्याहून वेगळे. व्हिसावर असाल तर दुकानात जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. दुकानदाराचं “चालतं हो” यावर विसंबू नका.

कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीच्या परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. सक्तीचा आहे म्हणून उरकून टाकू नका, मन लावून करा. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजून हाताळायची, नळी कधीही माणसाकडे वळवायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय गोळी झाडायची नाही. पुढचं सगळं या चार गोष्टी अंगवळणी पडल्यावर.

पायरी १: जनावर, अंतर आणि राज्याचा नियम

काडतुसाचं नाव मागाहून. आधी कागदावर लिहा: कोणतं जनावर, किती लांबून, कोणत्या राज्यात.

कोलोरॅडोत मोठ्या जनावरांसाठी रायफलचा कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास, किमान .२४ इंच, म्हणजे ६ मिलिमीटर लागतो. गोळी आत शिरल्यावर फुलणारी हवी. हरीण, प्राँगहॉर्न आणि अस्वलासाठी ती किमान ७० ग्रेनची, एल्क आणि मूससाठी किमान ८५ ग्रेनची, आणि १०० यार्डांवर तिची ऊर्जा १,००० फूट-पाउंड तरी असली पाहिजे. (ग्रेन हे वजनाचं जुनं माप आहे, एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन.) कायद्याची ही तळरेषा आहे. एल्कसाठी अनुभवी शिकारी, गोळी जनावरापर्यंत पोचताना १,५०० फूट-पाउंड उरावेत असा अंदाज धरतात. मीही तोच धरतो, कारण एल्कच्या खांद्याचं हाड म्हणजे हरणाची बरगडी नव्हे.

दुसऱ्या राज्यात नियम पूर्ण बदलतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. मेलेल्या जनावरांच्या आतड्यांतलं शिसं काँडर गिधाडांच्या पोटात जाऊन ती मरत होती, म्हणून हा कायदा आला. तिथे निखळ तांब्याची गोळी घ्यावी लागते. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला स्थिर ठेवायला बॅरलमधले पेच (गोळीला गरगर फिरवणाऱ्या आतल्या खाचा) जास्त घट्ट वळणाचे लागतात. ओहायोसारख्या राज्यात हरणासाठी रायफलमध्ये सरळ भिंतीचीच (पुढे निमुळती मान नसलेली) काडतुसं चालतात, म्हणून तिथे २०१९ मध्ये आलेलं .३५० लेजंड लोकप्रिय आहे. इंटरनेटवर कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं, तरी त्या वर्षीची राज्याची नियमपुस्तिका स्वतः वाचा.

अंतराबद्दल थोडं कडक बोलतो. पहिली काही वर्षं ३०० यार्डांच्या पलीकडे गोळी झाडू नका. या अंतरापर्यंत काडतुसांमधला फरक जाहिरातीत दिसतो तेवढा नसतो. २०० यार्डांवर शून्य केलेल्या (म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर पडेल अशी दुर्बीण लावलेल्या) .३०८ विंचेस्टरची १६५ ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर सुमारे ८ इंच खाली जाते. .३०० विंचेस्टर मॅग्नमची १८० ग्रेनची साडेसहा ते सात इंच. (मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जोरकस काडतूस.) एक-दीड इंचाच्या या फरकासाठी खांद्याला बसणारा धक्का दीडपट होतो.

पायरी २: धक्का आणि दुकानातलं फडताळ

साडेसात-आठ पाउंडांच्या रायफलमध्ये .२४३ विंचेस्टरचा धक्का साधारण १० फूट-पाउंड, ६.५ क्रीडमोरचा १२ च्या आसपास, .३०८ चा १६ ते १८, .३०-०६ चा २०, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २५ च्या वर. कागदावर हे नुसते आकडे वाटतात. पण विसाव्या गोळीनंतर चाप ओढताना डोळे आपसूक मिटायला लागतात, आणि एकदा ही खोड लागली की मोडायला वर्ष जातं. रेंजवर असा माणूस लांबूनही ओळखू येतो: काडतूस पेटलं नाही तरी त्याची नळी खाली झुकते. बंदुकीने काहीच केलेलं नसतं, शरीराने धक्क्याच्या भीतीने आधीच दचकून घेतलेलं असतं.

दुसरी गोष्ट, काडतूस मिळायला हवं. २०२० आणि २०२१ मध्ये अमेरिकेत दारूगोळ्याची टंचाई झाली, तेव्हा भली भली फडताळं रिकामी पडली होती. हंगामाच्या आदल्या संध्याकाळी डोंगरातल्या छोट्या गावात काडतुसं विसरल्याचं लक्षात आलं, तर तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात .३०८, .३०-०६, .२७०, .२४३ आणि आजकाल ६.५ क्रीडमोर यांपैकी काहीतरी सापडेल. ७ मिमी-०८ रेमिंग्टन हे १९८० चं काडतूस मला मनापासून आवडतं. धक्का सौम्य, आणि मार एल्कपर्यंत पुरेसा. पण त्याचे डबे शोधत फिरावं लागतं.

पायरी ३: बॅरल नेमकी झिजते कुठे आणि कशाने

इथे थोडं सावकाश वाचा, कारण “बॅरल खातं” हे वाक्य सगळे म्हणतात आणि समजावून कुणी सांगत नाही.

गोळी नळीला घासून नळी झिजते, असा सर्वसाधारण समज आहे. घर्षणाने झीज होते, पण ती फार थोडी. खरं नुकसान चेंबरच्या (काडतूस बसतं त्या खोबणीच्या) लगेच पुढे, पेच जिथे सुरू होतात त्या दोन-तीन इंचांत होतं. त्या भागाला थ्रोट म्हणतात. दारू जळते तेव्हा वायूचं तापमान २,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. पोलाद १,५०० अंशांच्या आसपास वितळतं. .३०८ मध्ये दाब जास्तीत जास्त ६२,००० पीएसआय (चौरस इंचावर इतके पाउंड) असतो, .२७० मध्ये ६५,०००. जुन्या .३०-३० विंचेस्टरमध्ये तो फक्त ४२,०००. पोलाद लगेच वितळत नाही ते केवळ यासाठी, की हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात उरकतं. ३,००० गोळ्यांनी संपणारी बॅरल घेतली आणि प्रत्येक गोळी नळीत १.२ मिलिसेकंद असते असं धरलं, तर त्या बॅरलचं कामाचं सगळं आयुष्य साडेतीन सेकंदांचं भरतं.

प्रत्येक गोळीला थ्रोटचा पृष्ठभाग क्षणात तापतो आणि क्षणात निवतो. तो कडक, ठिसूळ होतो आणि त्याला तडे जातात. गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, बोअरस्कोप असतो. बारीक नळीच्या टोकावर कॅमेरा, चित्र पडद्यावर. वापरलेल्या मॅग्नम रायफलचा थ्रोट त्यातून एकदा बघाच: उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडाव्यात तशा चौकोनी भेगा, आणि त्यांत अडकलेला काळा कार्बन. पुढच्या गोळ्यांचा वायू या भेगांच्या कडा उडवत जातो, पेच हळूहळू पुढे सरकतात, आणि गोळीला पेचात शिरण्याआधी जास्त मोकळी उडी मारावी लागते. मग नेमात फाटे फुटतात.

दारू कोणती आहे, यानेही फरक पडतो. ब्रिटिश सैन्याच्या .३०३ मधल्या सुरुवातीच्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं. ती दारू इतकी तापट होती, की बॅरली भराभर जात. नंतरच्या एमडी कॉर्डाइटमध्ये हे प्रमाण ३० टक्क्यांवर आणावं लागलं. आजही नायट्रोग्लिसरीन असलेल्या दुहेरी घटकांच्या दारू साधारणपणे जास्त तापतात.

पण सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे किती दारू किती अरुंद भोकातून जाते. काडतुसाच्या पितळी खोळीत किती ग्रेन पाणी मावतं ते पाहा, आणि त्याला नळीच्या छेदाच्या चौरस इंचांतल्या क्षेत्रफळाने भागा. मोठी खोळ, बारीक नळी, तर आकडा मोठा. ढोबळ उत्तरं अशी येतात:

.३०८ विंचेस्टर: ७५०
.३०-०६ स्प्रिंगफील्ड: ९००
६.५ क्रीडमोर: ९५०
.२७० विंचेस्टर: १,१००
.२४३ विंचेस्टर: १,१५०
.३०० विंचेस्टर मॅग्नम: १,२५०
७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम: १,३००
.२६४ विंचेस्टर मॅग्नम: १,५००
२६ नोस्लर: १,७००

हजाराच्या आतलं काडतूस बॅरलशी सलोख्याने वागतं. १,३०० च्या पुढे गेलात की झीज झपाट्याने वाढते. या यादीत नवख्याला चकवतं ते .२४३. धक्का कमी, म्हणून मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी सुचवलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण बारीक नळीमुळे त्याची बॅरल त्याच खोळीपासून बनलेल्या .३०८ च्या निम्म्यानेही टिकत नाही.

६.५ क्रीडमोर आणि २६ नोस्लर यांची गोळी एकाच व्यासाची. पहिल्यात सुमारे ४१-४२ ग्रेन दारू, दुसऱ्यात ८५ च्या वर. दारू दुप्पट, वेग मात्र साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. बाकीची उष्णता थ्रोटला सोसावी लागते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं .२६४ विंचेस्टर मॅग्नम याच कारणाने बदनाम झालं. १९६२ मध्ये रेमिंग्टनने ७ मिमी मॅग्नम आणलं आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं.

पायरी ४: स्वतःचा हिशेब

नेमबाजांच्या अनुभवातून आलेले आकडे पुढे देतो. ते स्पर्धेच्या अचूकतेचे आहेत. हरणाच्या फुप्फुसाएवढ्या लक्ष्यासाठी बॅरल याहून पुष्कळ टिकते. .३०८ च्या ५,००० गोळ्या, .३०-०६ च्या ३,५०० ते ४,०००, ६.५ क्रीडमोरच्या २,००० ते ३,०००, .२४३ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमच्या १,५०० ते २,०००, आणि २६ नोस्लरच्या हजाराच्या आत.

आता तुमची बाजू. होतकरू नवखा वर्षाला समजा १५० गोळ्या झाडतो. रेंजवर उन्हाळाभर थोड्या थोड्या, हंगामाआधी शून्य तपासायला काही, आणि डोंगरात एक-दोन. या वेगाने .३०८ ची बॅरल तीस वर्षं जाते, ६.५ क्रीडमोरची पंधरा-वीस, आणि .३०० मॅग्नमची दहा. पहिल्या दोघांच्या बाबतीत झिजेची चिंता करायचं कारणच नाही.

पैशात मांडलं की आणखी स्पष्ट होतं. गनस्मिथकडून नवी बॅरल बसवून घ्यायला साधारण ८०० डॉलर धरा. साधं .३०८ दीड डॉलरला एक, मॅग्नम पावणेतीनला, आणि २६ नोस्लर चार किंवा जास्त. .३०८ मध्ये प्रत्येक गोळीमागे बॅरलची झीज १६ सेंट. .३०० मॅग्नममध्ये सुमारे ५० सेंट. २६ नोस्लरमध्ये एक डॉलर, कदाचित वर. म्हणजे बॅरलचा खर्च काडतुसाच्या खर्चापुढे नेहमीच छोटा असतो, आणि ज्या काडतुसात तो मोठा आहे, तिथे काडतूसही महाग असतं. एकात एक गुंतलेलं आहे. मॅग्नमचा खरा तोटा मला हाच वाटतो: खिसा, खांदा आणि बॅरल, तिघंही एकाच वेळी “आज पुरे” म्हणतात, आणि माणूस सराव न करता डोंगरात जातो.

म्हणून माझी शिफारस: फक्त हरीण आणि प्राँगहॉर्न असेल तर ६.५ क्रीडमोर. एल्कही मनात असेल आणि धक्का सोसवत असेल तर .३०८ किंवा .३०-०६. .३०८ हे १९५२ चं, .३०-०६ हे १९०६ चं. दोघांनी मिळून इतकी वर्षं एल्क आणले आहेत की त्यांच्या पुढच्या पिढ्यांची नावं पाठ करायची गरज नवख्याला नाही. मॅग्नम वाईट नाही, पण ते दुसऱ्या रायफलसाठी ठेवा.

आणि जमलं तर सोबत .२२ रिमफायर (छोट्या, स्वस्त काडतुसाची रायफल) घ्या. त्याच घडणीची, त्याच पद्धतीची बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) असलेली. तिची मऊ शिशाची गोळी आणि चिमूटभर दारू बॅरलला जवळजवळ काही करत नाही, काडतूस काही सेंटांत येतं, आणि श्वास, चाप, नेम या सगळ्याची सवय तिच्यावर होते.

पायरी ५: झीज कमी करणाऱ्या सवयी

पहिली आणि मोठी: बॅरल तापू देऊ नका. शिकारी रायफलची बॅरल खांद्यावर वाहायची म्हणून सडपातळ असते, त्यामुळे लवकर तापते. गरम पोलादावर पुढची गोळी झाडली की तडे झपाट्याने वाढतात. तीन गोळ्या झाडा, बोल्ट उघडा ठेवा, पाच-सात मिनिटं थांबा. नळीला हात लावून पाच आकडे मोजता येत नसतील तर अजून थांबा. वीस गोळ्यांचा डबा दहा मिनिटांत संपवणारा माणूस एका दुपारी नाहक जास्त झीज करतो. शिवाय तो शिकत काहीच नाही, कारण डोंगरात पहिली गोळी नेहमी थंड बॅरलमधूनच सुटते. थंड बॅरलची पहिली गोळी कुठे लागते, ते प्रत्येक वेळी वहीत लिहा.

दुसरी: साफसफाई जपून. पुष्कळ बॅरली झाडून नव्हे तर घासून खराब होतात. अमेरिकी सैन्याची जुनी एम-१ गारंड रायफल पुढून, म्हणजे नळीच्या तोंडाकडून साफ करावी लागते. रॉड घासून घासून तोंडाची कड झिजते, आणि गोळीला शेवटचा स्पर्श त्या कडेचा असतो. म्हणून जुनी गारंड घेणारे लोक थ्रोट आणि तोंड दोन्ही गेजने मोजतात. तुमची रायफल बोल्टची असेल तर मागून साफ करा, बोअर गाइड (रॉड नळीच्या मधोमध ठेवणारी पुंगळी) घाला, लेप असलेला एकसंध रॉड वापरा. गोळीने नळीत सोडलेलं तांबं प्रत्येक सरावानंतर खरवडून काढायची गरज नाही. अचूकता घसरली की तांबं विरघळवणारं द्रावण वापरा. पावसात किंवा बर्फात भिजली तर मात्र त्याच रात्री कोरडी करून तेलाचा हात फिरवा.

पायरी ६: जुनी रायफल घेताना

स्वस्तात मॅग्नम मिळतेय म्हणून हुरळू नका. विकणाऱ्याला विचारा, किती गोळ्या झाडल्या आणि कशासाठी. शिकाऱ्याची रायफल बहुधा खोक्यातच पडून म्हातारी होते, लांब पल्ल्याच्या नेमबाजाची थ्रोट झिजून. लाकूड चकचकीत आणि थ्रोट जळालेला, असंही असतं. गनस्मिथला तीस-चाळीस डॉलर देऊन बोअरस्कोपने दाखवायला सांगा. नळीच्या तोंडाच्या कडेवर ओरखडा आहे का ते नखाने चाचपा. फक्त भेगा दिसल्या म्हणून नाही म्हणू नका. वापरलेल्या जवळपास प्रत्येक बॅरलमध्ये थोड्या असतात. तीन गोळ्यांचे दोन-तीन गट (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्या एकमेकींपासून किती अंतरात पडतात ते) पाडून बघता आले तर तोच खरा निकाल.

बॅरल संपली हे कसं ओळखायचं

एका दिवसात कळत नाही. पूर्वी इंचभर पडणारा गट दीडचा होतो, मग दोनचा, आणि एखादी गोळी विनाकारण लांब जाऊन पडते. लगेच बॅरलवर आळ घेऊ नका. आधी स्कोपचे आणि स्टॉकचे स्क्रू तपासा, मग बॅरल नीट साफ करा, मग वेगळ्या डब्यातली काडतुसं झाडून बघा, आणि स्वतःचा झोप झालेला दिवस निवडा. एवढं करूनही गट सावरला नाही तर बोअरस्कोप.

संपलीच असेल तर रायफल टाकायची नसते. ॲक्शन (बोल्ट बसतो ती यंत्रणा), स्टॉक (दस्ता), चाप, स्कोप सगळं तेच राहतं, फक्त नळी बदलते. त्या वेळी काडतूसही बदलता येतं, खोळीच्या तळाचा व्यास तोच असेल तर. .२४३ ची रायफल .३०८ किंवा ७ मिमी-०८ करून घेता येते, कारण तिघांची खोळ एकाच घराण्यातली. काम जानेवारीत, हंगाम आटोपल्यावर द्या. ऑगस्टमध्ये गनस्मिथकडे रांग असते, आणि नव्या बॅरलला शून्य करायला, तिची थंड पहिली गोळी ओळखीची व्हायला अख्खा उन्हाळा हाताशी हवा.